‘हाउ इज इट सेलिंग?’ला भाव का सांगू नये

प्रश्न एका मुलाचा आहे. गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानात तो नुकताच लागलाय. हैदराबादचा एक व्यापारी साड्या बघत होता. त्याने एका साडीवर हात ठेवून विचारलं, "हाउ इज धिस वन सेलिंग?" मुलाने आत्मविश्वासाने उत्तर दिलं, "सिक्स फिफ्टी, सर." व्यापारी हसला, मालकाने डोळे वटारले, आणि गिऱ्हाईक गेल्यावर "काहून बे, भाव विचारला होता का त्यानं?" हे ऐकून घ्यावं लागलं. मुलाचं म्हणणं असं की शब्दकोशात ‘सेल’ म्हणजे विकणे, ‘हाउ’ म्हणजे कसे. साडी कशी विकता असंच विचारलं ना? मग चुकलं कुठे? आणि जाता जाता सेल आउट, सेल ऑफ वगैरे सगळंच एकदा समजावून सांगा.

सगळंच सांगत नाही, पण दुकानात, मुलाखतीत आणि रजिस्ट्री ऑफिसात लागेल तेवढं सांगतो. बावीस वर्षं नागपुरात इंग्रजी शिकवतोय. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं इतवारी-बर्डीच्या दुकानांतली, बाकी औषध कंपन्यांचे एमआर आणि प्लॉटचे दलाल. म्हणजे ‘सेल’ या क्रियापदावरच ज्यांचं पोट चालतं असे लोक.

आधी लिहिण्याची एक पंचाईत सांगतो. विकणे हे क्रियापद आणि विक्री हे नाम, दोन्ही आपण मराठीत ‘सेल’ असंच लिहितो. घड्याळातला सेलही तोच. इंग्रजीत क्रियापदाचा उच्चार आखूड, नामाचा लांबट, ‘सेइल’च्या जवळचा. म्हणून या उत्तरात क्रियापदाला ‘सेल’ आणि नामाला ‘सेइल’ लिहितो.

आता तुमची चूक. ती इंग्रजीची कमी आणि आपल्या बाजाराची जास्त आहे. गोकुळपेठेत संत्र्यांच्या ढिगापुढे उभं राहून आपण काय विचारतो? "संत्री कशी दिली, भाऊ?" जरा गावाकडचा माणूस असेल तर "कशी देल्ली?" आपल्याकडे ‘कशी’ हा शब्द सरळ भावाला चिकटलेला आहे. ‘कशी दिली’, ‘कशी विकता’, ‘कशी लावली’, तिन्हीचं उत्तर रुपयांत. इंग्रजीतला ‘हाउ’ असं करत नाही. भावासाठी तिथे ‘हाउ मच’ तरी लागतं किंवा ‘व्हॉट’: "हाउ मच इज धिस?", "व्हॉट आर यू सेलिंग इट ॲट?" नुसत्या ‘हाउ’ने चाल विचारली जाते. मालाला उठाव आहे का, की पडून आहे? त्या व्यापाऱ्याला जाणून घ्यायचं होतं की ही साडी नेली तर हैदराबादेत माझ्या अंगावर पडेल की काय. तुम्ही साडेसहाशे सांगितले. त्याला हवं होतं, "हातोहात जातेय, साहेब."

गंमत म्हणजे आपलं ‘दिली’ आणि इंग्रजीचं ‘सेल’ मुळात फार लांबचे नाहीत. जुन्या इंग्रजीत ‘सेल्लान’ या क्रियापदाचा अर्थच देणे, हवाली करणे असा होता. गॉथिक भाषेतला त्याचा भाऊबंद तर देवाला बळी वाहणे या अर्थाचा. पैसे घेऊन देणे हा अर्थ हळूहळू चिकटला आणि तोच उरला. आपल्याकडे मात्र ‘विकणे’ आलंय संस्कृतातून. ‘क्री’ म्हणजे घेणे, त्याला ‘वि’ लावला की विकणे. घेणं आणि विकणं एकाच धातूवर बेतलेलं, आणि मराठीत अजूनही आपण वस्तू ‘विकत’ घेतो. इंग्रज माणसाला हे समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला होता. त्याने चहा मागवला.

मुद्द्यावर येतो. ‘सेल’ समोर आलं की आधी बघा, कर्त्याच्या जागी कोण बसलंय. दुकानदार बसला असेल तर साधं विकणे: "वी सेल साडीज." माल बसला असेल तर अर्थ ‘खपणे’ होतो: "धिस साडी सेल्स वेल." साडी काही विकत नाही, साडी खपते. मराठीत याला स्वतंत्र क्रियापद आहे, इंग्रजीत तेच क्रियापद कुशी बदलून झोपतं. शब्दकोशात ‘खपणे’ हा अर्थ बहुतेक वेळा खालच्या क्रमांकावर दडलेला असतो आणि मुलं दुसऱ्याच्या पुढे वाचत नाहीत.

इथे जरा थांबू, कारण दुकानात सगळ्यात जास्त हेच वाक्य लागतं. माल कर्ता असला की मागे बहुधा एखादं क्रियाविशेषण लावावं लागतं: वेल, फास्ट, स्लोली. नुसतं "द मरून सेल्स" म्हटलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. नकारात मात्र नुसतं चालतं: "द यलो डझन्ट सेल." पिवळी उठत नाही. ‘सेल्स गुड’ म्हणू नका, ‘वेल’ म्हणा. माझ्या वर्गात ही चूक दर आठवड्याला होते आणि दर आठवड्याला मी तीच सुधारतो. काळही पाहा. "इट सेल्स वेल" म्हणजे ही बारमाही चालते. "इट्स सेलिंग वेल" म्हणजे सध्या, या लग्नसराईत चालली आहे. तुमच्या व्यापाऱ्याने दुसरं विचारलं होतं.

"धिस सेल्स ॲट सिक्स फिफ्टी" हेही बरोबर आहे. साडी कर्ता, पण पुढे भाव आला, म्हणजे ही साडेसहाशेला जाते. तेव्हा समोरचा "व्हॉट डझ इट सेल फॉर?" म्हणाला असता तर तुमचं उत्तर शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. एका ‘हाउ’ने घात केला.

आता याच्या उलट बाजूची फसगत. "डू यू सेल अंब्रेलाज?" याचं मराठी ‘तुम्ही छत्र्या विकता का’ असं शब्दशः होतं, पण बर्डीवर कोण असं बोलतं? आपण विचारतो, "छत्री आहे का? छत्री ठेवता का?" म्हणून आमची मुलं उत्तर देतात, "वी डोन्ट कीप." आपल्याकडे सगळ्यांना कळतं. बाहेरच्या माणसाला "वी डोन्ट सेल देम" किंवा "वी डोन्ट स्टॉक देम" म्हणा. आणि "दे डोन्ट सेल" म्हणजे छत्र्या खपत नाहीत. एका मुलाने "छत्र्या आम्ही ठेवत नाही" या अर्थी "अंब्रेलाज डोन्ट सेल" म्हटलं. बाहेर धो धो पाऊस, गिऱ्हाईक ओलंचिंब. त्याला वाटलं असेल, या गावात लोकांना भिजायची हौस आहे.

‘खपणे’चं प्रयोजक रूप ‘खपवणे’, आणि त्यातला लबाडीचा वास ‘सेल’मध्ये आपोआप येत नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरच्या शहरांत किन्नो हे पंजाबकडचं संत्रं नागपुरी म्हणून खपवलं जातं. इथे ‘सेल’ला ‘ॲज’ जोडा: "किन्नोज आर सोल्ड ॲज नागपूर ऑरेंजेस." आणखी तिखट हवं असेल तर ‘पास ऑफ’. ‘खपवून घेणे’ म्हणजे सहन करणे आणि देशासाठी खपणे म्हणजे झिजणे. या दोन्हींचा ‘सेल’शी काडीचा संबंध नाही. तिथे दुसरी क्रियापदं लागतात.

शब्दयोगी अव्ययांचं झटपट. दराला ‘ॲट’: ॲट एटी रुपीज अ किलो. एकूण रकमेला ‘फॉर’: फॉर थ्री लॅक्स. मोजमापाला ‘बाय’: बाय द डझन, बाय द मीटर. तोट्यात विकलं तर ‘ॲट अ लॉस’. कुणाला विकलं ते मागे आलं तर ‘टु’ लागतो, पुढे आलं तर गळतो: "आय सोल्ड द प्लॉट टु हिम" किंवा "आय सोल्ड हिम द प्लॉट". भूतकाळ ‘सोल्ड’. ‘सेल्ड’ असा शब्द नाही. टेल-टोल्ड, सेल-सोल्ड अशी जोडी लक्षात ठेवा.

आता आउट आणि ऑफ. ‘सेल आउट’चा साधा अर्थ माल संपणे. यात कर्ता मालही चालतो, दुकानदारही: "द मरून हॅज सोल्ड आउट", "वी हॅव सोल्ड आउट ऑफ द मरून." दुसऱ्या वाक्यातला ‘ऑफ’ (ओ-एफ) गाळू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने गाळला, वर मालाचं नावही गाळलं आणि बाहेरगावच्या वितरकाला मेल लिहिला की आमची कंपनी ‘हॅज सोल्ड आउट’. अर्ध्या तासात फोन. कंपनी कुणी घेतली? जुनी उधारी आता कुणाकडे मागायची? कारण ‘सेल आउट’चा दुसरा अर्थ आपला धंदा किंवा हिस्सा दुसऱ्याला देऊन मोकळं होणे. तिसरा अर्थ याहून वाईट: तत्त्वं सोडून पैशाच्या बाजूला जाणे. मराठीत आपण पुढाऱ्याबद्दल म्हणतो ना, ‘विकला गेला’, तेच "ही सोल्ड आउट". जामठ्याच्या सामन्याची तिकिटं सोल्ड आउट झाली तर आनंद, कप्तान सोल्ड आउट झाला तर चौकशी. नाटकाच्या पाटीवर मात्र आपण अजून ‘हाऊसफुल्ल’च लिहितो आणि तेच बरं दिसतं.

‘सेल ऑफ’मध्ये (हा ‘ऑफ’ डबल एफचा) काढून टाकण्याची घाई असते. हंगाम संपला, माल अंगावर आहे, येईल त्या भावाने द्या. सरकार तोट्यातला कारखाना विकतं तेव्हाही वर्तमानपत्रं हेच लिहितात. ‘सेल अप’ आपल्याकडे कमी ऐकू येतं. त्याचा अर्थ घरदार, दुकान विकून गाव सोडणे. ‘सेल ऑन’ म्हणजे घेतलेली वस्तू पुढे विकणे. सोनं ‘मोडणे’ला इंग्रजीत वेगळा शब्द नाही, "शी सोल्ड हर बँगल्स" एवढंच. मुलाच्या फीसाठी बांगड्या मोडल्या, यातला ‘मोडल्या’ तिकडे जात नाही. भाषांतर करताना हा शब्द आला की मी दरवेळी हरतो.

‘सेल समवन डाउन द रिव्हर’ म्हणजे विश्वासातल्या माणसाचा घात करणे. वर्गात हा प्रयोग आला की मुलं हसतात. नदीत विकणे, म्हणजे नाग नदीत काय? मग मी गोष्ट सांगतो आणि हसू थांबतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या वरच्या राज्यांतले मालक आपल्याकडचे गुलाम मिसिसिपीच्या खालच्या अंगाला, दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांसाठी विकून टाकत. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला बंदी होती, म्हणून देशातल्या देशातच हा व्यापार फोफावला. खाली गेला तो बायकोमुलांपासून कायमचा तुटला, आणि मळ्यावरचं काम जीवघेणं. प्रयोगातली नदी ती. पुढे १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, अमेरिकेचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानातल्या कापसाकडे वळल्या. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली, १८७७ मध्ये इथेच एम्प्रेस मिल सुरू झाली. कॉटन मार्केटच्या चौकातून रोज जाणाऱ्या मुलांना मग ती नदी तितकी परकी वाटत नाही. हा वाक्प्रचार थट्टेत वापरू नका असंही मी सांगतो. दोन रुपये जास्त लावले म्हणून कुणी ‘डाउन द रिव्हर’ विकलं जात नाही.

आता वस्तूऐवजी कल्पना विकण्याकडे. "ही सोल्ड द आयडिया टु हिज बॉस" म्हणजे साहेबाच्या गळी उतरवली. "आय ॲम सोल्ड" म्हणजे मला पटलं. समोरचा हे म्हणाला तर घाबरू नका, पावती फाडा. न पटल्यास तो म्हणेल, "आय डोन्ट बाय इट." एक विकतो, दुसरा घेत नाही, जोडी जमते. मराठीत ‘गळी उतरवणे’ आणि ‘गळ्यात मारणे’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात पटवणं आहे, दुसऱ्यात फसवणं. इंग्रजी ‘सेल’ दोन्हीकडे जातं, अंदाज बाकीच्या वाक्यावरून घ्यायचा. एमआर मुलांच्या तोंडी असणारं ‘हार्ड सेल’ म्हणजे मागे लागून विकणं. ‘अ हार्ड सेल’ असं एखाद्या कल्पनेबद्दल म्हटलं तर ती पटवायला अवघड.

इथेच तो मुलाखतीतला प्रश्न येतो. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मुलाखतीआधी सल्ला मिळाला, "यू मस्ट सेल युवरसेल्फ." तिने घरी वडिलांसमोर मराठीत सांगितलं की स्वतःला विकता यायला हवं म्हणतात. वडील रागाने माझ्याकडे आले. काय शिकवता तुम्ही मुलींना? मराठीत ‘स्वतःला विकणे’ ही शिवीच आहे, त्यांचा राग बरोबर होता. इंग्रजीत या वाक्याचा अर्थ इतकाच की आपले गुण समोरच्याला दिसतील असे मांडा. मी त्यांना बसवलं आणि विचारलं, मुलगी बघायला पाहुणे आले की तुम्ही तिच्या हातचं भरतकाम दाखवायचात की नाही? ते म्हणाले, ते वेगळं. मला ते उदाहरण द्यायला नको होतं, हे आता कळतं. पण मुलगी मुलाखतीला गेली. त्याच कुळातला दुसरा प्रयोग ‘सेल युवरसेल्फ शॉर्ट’, म्हणजे स्वतःला कमी लेखणे. आमच्या मुलांना तो जास्त लागू पडतो. शेअर बाजारातलं ‘शॉर्ट सेल’ त्याहून वेगळं: जवळ नसलेला शेअर आधी विकायचा, भाव पडल्यावर घ्यायचा.

आता पाटी. बेसा, मनीषनगर, वर्धा रोड, कुठेही जा, ‘प्लॉट फॉर’ आणि पुढे एस-ई-डबल एल. ‘फॉर’नंतर नाम हवं, म्हणजे एस-ए-एल-ई. "फॉर सेइल" म्हणजे विकाऊ आहे. "ऑन सेइल" ब्रिटिशांकडे बाजारात उपलब्ध, अमेरिकेत सवलतीत. आपण मराठीत सवलतीलाच ‘सेल लागला’ म्हणतो, म्हणजे नकळत अमेरिकेच्या बाजूला गेलो.

प्लॉटच्या दलालांना मी एक गोष्ट घोकून घ्यायला लावतो. "ॲग्रीड टु सेल" आणि "सोल्ड" यांत वकिलाच्या फीइतकं अंतर आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की विक्रीच्या नुसत्या कराराने त्या मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन विकायची तर नोंदणीकृत दस्तच लागतो. म्हणून बयाणा घेतलेल्या प्लॉटबद्दल "वी हॅव सोल्ड इट" असं व्हॉट्सॲपवर लिहू नका. "वी हॅव ॲग्रीड टु सेल इट" लिहा. ‘सेइल डीड’ला पुण्यामुंबईकडे ‘खरेदीखत’ म्हणतात, आपल्याकडे बहुतेक ‘विक्रीपत्र’. कागद तोच, एक नाव घेणाऱ्याच्या बाजूने, दुसरं देणाऱ्याच्या. इंग्रजी इथे नागपूरकरांच्या बाजूने आहे.

एक जुना शब्द तुमच्या मालकासाठी. इंग्रजीत ‘हँडसेल’ म्हणजे दुकानदाराच्या हाती सकाळी पडलेला पहिला पैसा, शुभ मानलेला. शब्दाचं मूळ ‘हातात देणे’. आपली भवानी, बोहनी तीच. हा शब्द आता इंग्लंडातही फारसा कुणी वापरत नाही, तेव्हा गिऱ्हाइकासमोर काढू नका. मालकाला सांगा, खूश होईल.

तो हैदराबादवाला पुन्हा आला आणि त्याने तोच प्रश्न विचारला, तर असं म्हणा: "इट्स सेलिंग व्हेरी वेल, सर. वी हॅव ऑलमोस्ट सोल्ड आउट ऑफ द मरून." मग गप्प राहा. भाव तो स्वतः विचारेल, "व्हॉट आर यू सेलिंग इट ॲट?" तेव्हा साडेसहाशे सांगा. आणि मरून खरंच संपत आली असेल तरच दुसरं वाक्य बोला, कारण ठोकातला माणूस गोदाम बघायला मागतो.